झाडीपट्टीचा शंकरपट



वैनगंगेच्या खोऱ्यातील ज्या मुलखास झाडीपट्टी म्हणतात, त्यात चंद्रपूर व गडचिरोली या दोन अरण्यमय जिल्ह्यांचा बराच भाग येतो. १९८२ सालापर्यंत हे दोन्ही मिळून एकच जिल्हा होता, आणि १९६४ पर्यंत त्याचे नाव चांदा असे होते. हा मुलूख धानाचा. धानाची कापणी आणि मळणी उरकली, की बांध्या मोकळ्या पडतात, कष्टकऱ्यास चार दिवस उसंत मिळते, आणि गावोगाव शंकरपटाचे वारे वाहू लागते. हाच शंकरपट मध्यंतरी साडेसात वर्षे बंद होता. तो का बंद झाला, त्यावरून कोणता वाद माजला आणि तो परत कसा आला, याचा वृत्तांत आज आपणापुढे ठेवावयाचा आहे.

शंकरपट म्हणजे बैलजोड्यांची शर्यत. हलक्या छकड्यास जोडी जुंपावयाची, वर एकटा धुरकरी, आणि सरळ आखलेल्या वाटेवरून जोडी सोडावयाची. कोठे दोन जोड्या शेजारीशेजारी धावतात, कोठे एकेका जोडीचा वेळ मोजतात. निकाल काही क्षणांतच लागतो; परंतु त्या क्षणांसाठी मालकाने वर्षभर बैलास आपल्या घासातला घास दिलेला असतो.

पट हा केवळ दिवसाचा सोहळा नव्हता. पाहुणे मुक्कामास येत, सोयरिकीच्या गोष्टी निघत, आणि रात्री त्याच पाहुण्यांसाठी मंडपात नाटक उभे राही, ते पहाटेपर्यंत चाले. दंडार आणि खडी गंमत यांच्या या भूमीत नाटकाने जे मूळ धरले, त्यास पटाच्या गर्दीचे मोठे पाठबळ लाभले. देसाईगंज-वडसा हे आज नाटक मंडळ्यांचे केंद्र आहे, आणि याच रंगभूमीचे नट डॉ. परशुराम खुणे यांस २०२३ साली पद्मश्री मिळाली. म्हणून पट बंद होणे म्हणजे एक शर्यत बंद होणे, इतकाच त्याचा अर्थ येथे नव्हता.

११ जुलै २०११ रोजी केंद्र सरकारने एक अधिसूचना काढली. ज्या प्राण्यांचे खेळ करण्यास मनाई आहे, त्यांच्या यादीत अस्वल, माकड, वाघ, बिबट्या आणि सिंह यांच्या जोडीला बैलही आला. ताडोब्याच्या वाघाचे भय ज्यांस नित्याचे, त्यांस आपला गोठ्यातला बैल वाघाच्या पंक्तीस बसलेला पाहून नवल वाटले असल्यास आश्चर्य नाही. पुढे ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तमिळनाडूचा जल्लिकट्टू आणि महाराष्ट्रातील बैलगाडा शर्यत या दोहोंवर बंदी घातली. बैलाची शरीररचना शर्यतीसाठी नाही, तो भयाने आणि वेदनेने पळतो, आणि १९६० च्या कायद्याने त्यास दिलेले संरक्षण रूढीच्या नावाखाली काढून घेता येत नाही, असा त्या निर्णयाचा आशय होता.

येथून वादास तोंड फुटले. आणि ध्यानात घ्यावयाची गोष्ट ही, की पटावर प्रेम करणारेही सर्व एका मताचे नव्हते. एक पक्ष म्हणे, शेतात ट्रॅक्टर आल्यावर उमदा बैल पोसण्याचे कारण पटावाचून दुसरे उरले नाही. पट गेला तर बैल कसायाच्या दारी जाईल. दुसरा पक्ष म्हणे, पट हवा, परंतु पराणी नको, शेपूट पिरगळणे नको, विजेचा धक्का तर नकोच नको. बंदीच्या कैवाऱ्यांचे उत्तर असे, की शर्यत म्हटली म्हणजे ईर्षा आली, पैज आली, आणि त्या भरात नियम कोण पाळणार? हे उत्तर सहज झटकून टाकण्याजोगे नाही. जोडी जिंकली म्हणजे बैलास आनंद झाला, असे आपण मालकाच्या मुद्रेवरून ठरवितो. बैलाची साक्ष कोणीच काढलेली नसते.

जानेवारी २०१७ मध्ये मद्रासच्या मरीना किनाऱ्यावर जल्लिकट्टूसाठी प्रचंड जनसमुदाय लोटला, आणि तमिळनाडूने कायद्यात दुरुस्ती केली. त्याच वर्षी महाराष्ट्राच्या विधिमंडळानेही तशीच दुरुस्ती केली. परंतु मुंबई उच्च न्यायालयाने शर्यतींस अनुमती देण्यास मनाई केली, आणि प्रकरण पुन्हा दिल्लीस गेले. अखेर १६ डिसेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अटींवर शर्यतींस मुभा दिली, आणि १८ मे २०२३ रोजी न्यायमूर्ती के. एम. जोसेफ यांच्या अध्यक्षतेखालील पाच न्यायाधीशांच्या पीठाने राज्यांच्या दुरुस्त्या वैध ठरविल्या.

या बंदीच्या काळात झाडीपट्टीतील नाटक मात्र मेले नाही. मंडईच्या आणि इतर उत्सवांच्या निमित्ताने ते उभे राहिलेच. जे अंग पटाच्या आधाराने वाढले, ते आधार गेल्यावरही आपल्या पायांवर चालू शकले. ही गोष्ट पटाच्या अभिमान्यांनी विचारात घेण्याजोगी आहे. कारण खेळ थांबला म्हणजे संस्कृती बुडाली, हे म्हणणे त्यामुळे पुरतेपणी खरे ठरत नाही.

आता पट परतला आहे. परंतु तो जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीने आणि चाबूक-पराणीच्या मनाईसह परतला आहे. जुन्या शौकिनास यात पूर्वीची रंगत वाटणार नाही कदाचित. माझे मत मात्र असे, की जी रंगत पराणीच्या टोकावर अवलंबून होती, ती गेली तर हळहळण्याचे कारण नाही. पराणीवाचून जो पट रंगेल, तोच शंकराचे नाव सांगण्यास पात्र. कारण बैल हा त्या देवाचे वाहन आहे, हे आपणच पोळ्याच्या दिवशी त्याच्या पाया पडून कबूल करीत असतो.

यापुढे श्रोत्यांपैकी कोणास पटास जाण्याचा योग आला, तर जोडी कोणती जिंकली हे अवश्य पाहावे. पण जोडी परत फिरल्यावर एकवार तिच्या पाठीकडेही पाहावे, आणि धुरकऱ्याच्या हाताकडेही. न्यायालयाने घातलेल्या अटी पाळल्या जातात की नाही, हे तेथे उभ्या असलेल्या माणसांहून अधिक चांगले कोणास कळणार?