जस्ताच्या छपरांखालचा ऑगस्ट

१ ते २० ऑगस्ट २००३ या वीस दिवसांत फ्रान्समध्ये नेहमीच्या मानाने १४,८०२ माणसे जास्त दगावली. त्या उन्हाळ्यात सगळ्या युरोपात उष्णतेने गेलेल्यांचा आकडा नंतरच्या अभ्यासांत सत्तर हजारांच्या वर गेला. ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यातला सर्वांत मोठा घाव मात्र फ्रान्सच्या वाट्याला आला. जागतिक आरोग्य संघटनेने तीनच वर्षांपूर्वी, २००० साली, जगातल्या आरोग्यव्यवस्थांची क्रमवारी लावून याच देशाला पहिला क्रमांक दिला होता. डॉक्टर, रुग्णालये, रुग्णवाहिका, विमा यांची वाण नव्हती. तरीही माणसे आपापल्या खोल्यांत मरत राहिली आणि त्यांची मोजदाद होऊन सरकारला जाग यायला दहाएक दिवस गेले.

ऑगस्टमध्ये पॅरिसचे कमाल तापमान साधारण २५-२६ अंश सेल्सिअस असते. २००३ मध्ये ४ ऑगस्टपासून आठवडाभराहून अधिक काळ पारा रोज ३५ अंशांच्या वर जात होता आणि शेवटी तो ३९ अंशांच्या पुढे गेला. मे महिन्यात ४५ अंश सोसणाऱ्या विदर्भातल्या वाचकाला हे आकडे फार वाटणार नाहीत. पण उष्णता शरीराला बाधते ती सवयीच्या प्रमाणात. उन्हाळा हळूहळू चढत गेला तर घाम लवकर सुटू लागतो, त्यातून मीठ कमी जाते, हृदय नव्या कामाला रुळते. त्याला एक-दोन आठवडे लागतात. पॅरिसमध्ये तेवढी सवड मिळाली नाही. शिवाय तिथे खरा घात रात्रींनी केला. ११ ऑगस्टची रात्र उलटून १२ तारीख उजाडली तेव्हा शहरातले किमान तापमान २५.५ अंशांवर होते. दिवसभर तापलेल्या शरीराला रात्री जो विसावा मिळतो तो सलग कित्येक रात्री मिळाला नाही. म्हाताऱ्या माणसाला तहान कमी लागते, घाम कमी येतो. त्यात हृदयविकारासाठी लघवी वाढवणारी औषधे किंवा मानसिक आजाराच्या गोळ्या चालू असतील तर शरीराची उरलीसुरली राखणही ढिली पडते. अशा माणसाचे अंग आतून ४० अंशांच्या वर गेले की शुद्ध हरपते आणि मदत वेळेवर आली नाही तर काही तासांत सगळे संपते.

घरांचा यात मोठा वाटा होता. आज जे पॅरिस पर्यटक पाहतात ते बहुतांशी १८५३ ते १८७० या काळात घडले. तिसऱ्या नेपोलियनने सेन प्रांताचा प्रशासक नेमलेल्या बॅरन ओस्मानने जुनी वस्ती पाडून रुंद रस्ते काढले आणि त्यांच्या कडेला चुनखडी दगडाच्या सहा-सात मजली इमारतींच्या रांगा उभ्या राहिल्या. इमारतींच्या माथ्यावर उतरते छप्पर आणि त्यावर जस्ताचे पातळ पत्रे घातले. जस्त हलके, स्वस्त, पावसाला टिकणारे आणि हव्या त्या उतारावर बसणारे होते. त्यामुळे छपराखालच्या पोकळीतही राहण्याजोगी जागा निघाली. या जागेत घरकामाच्या मोलकरणी राहत. त्यांच्यासाठी मागच्या अंगाने वेगळा, अरुंद जिना असे. खोली जेमतेम खाट आणि कपाट मावेल एवढी, एक भिंत छपराबरोबर कललेली, उजेडाला वर उघडणारे एक छोटे तावदान. हिवाळ्यात तिथे थंडी शिरते आणि उन्हाळ्यात पत्रा तापला की खोली भट्टी होते. मोलकरणी ठेवण्याची पद्धत विसाव्या शतकात संपली. खोल्या राहिल्या आणि त्यांत विद्यार्थी, स्थलांतरित मजूर व तुटपुंज्या पेन्शनवर जगणारी एकटी माणसे राहू लागली. अनेक ठिकाणी लिफ्ट सर्वांत वरच्या मजल्यापर्यंत जात नाही, काही इमारतींत ती मुळीच नाही. २००३ च्या मृतांचा अभ्यास झाला तेव्हा धोका वाढवणाऱ्या गोष्टींत छपराला लागून असलेली झोपायची खोली, भिंतींना व छपराला उष्णतारोधक थर नसणे आणि स्वतःहून हालचाल करता न येणे या गोष्टी ठळकपणे पुढे आल्या. घरगुती वातानुकूलन तेव्हा फ्रान्समध्ये अगदी विरळा होते.

देशाला उष्णतेचा अनुभव मात्र नवा नव्हता. १९११ च्या जुलै ते सप्टेंबर या काळात फ्रान्समध्ये सुमारे चाळीस हजार माणसे जास्त मेली आणि त्यांत बहुसंख्य तान्ही मुले होती. बाटलीतले दूध उन्हात नासे, मुलांना जुलाब लागत आणि दोन-तीन दिवसांत मूल हातचे जाई. पुढे दूध निर्जंतुक करणे, पाण्याची शुद्धता, बालसंगोपन केंद्रे यांमुळे तान्ह्यांचे मरण आटोक्यात आले आणि उष्णतेच्या तडाख्यात सापडणारा वर्ग बदलला: पाळण्यातल्या मुलांऐवजी ऐंशीच्या घरातली म्हातारी माणसे. हा बदल कोणाच्या नजरेत भरला नाही. २८ जुलै १९४७ रोजी पॅरिसमध्ये ४०.४ अंशांची नोंद झाली. तो उच्चांक २०१९ पर्यंत टिकला, पण त्या दिवसाने शहराच्या बांधणीत काही बदलले नाही. १९७६ चा उन्हाळा फ्रेंचांच्या आठवणीत आहे तो अवर्षण म्हणून. चारा संपला, जनावरे विकावी लागली, शेतकऱ्यांना मदत देण्यासाठी आयकरावर अधिभार बसला. त्याच उन्हाळ्यात उष्णतेने काही हजार माणसेही गेली होती, हे आकडेशास्त्रज्ञांनी नंतर दाखवून दिले. शेतकरी संघटित होता, त्याचा तोटा डोळ्यांना दिसत होता. म्हाताऱ्यांचे मरण वयाच्या खात्यावर जमा झाले.

एका शहराने तेवढा धडा घेतला. जुलै १९८३ मध्ये मार्सेयमध्ये उष्णतेच्या लाटेत सुमारे ३०० माणसे जास्त मेली. तिथल्या डॉक्टरांनी, विशेषतः प्राध्यापक झां-लुई सान मार्को यांनी, कारणे शोधली आणि पुढे दर उन्हाळ्यात शहरात सूचना दिल्या जाऊ लागल्या: अंग ओले ठेवा, पंख्याचा वारा घ्या, दुपारी दारे-खिडक्या बंद ठेवा, शेजारच्या वृद्धांची चौकशी करा. २००३ मध्ये पॅरिसमधले मृत्यू नेहमीपेक्षा १४२ टक्क्यांनी वाढले, लियाँमध्ये ८० टक्क्यांनी, मार्सेयमध्ये मात्र २५ टक्क्यांनी. मार्सेयला समुद्र आहे, लोकांना उन्हाची सवय आहे आणि त्या वर्षी दक्षिणेतली तापमानवाढ तिथल्या सरासरीच्या तुलनेत सौम्य होती, म्हणून सगळे श्रेय सूचनांना देता येत नाही. पण वीस वर्षे एका फ्रेंच शहराजवळ तयार असलेले ज्ञान राजधानीपर्यंत पोचले नाही, ही गोष्ट सरकारी यंत्रणेवरचा गंभीर ठपका आहे.

त्यातच ऑगस्ट हा फ्रान्समध्ये सुटीचा महिना. पगारी रजेचा हक्क कामगारांना १९३६ मध्ये मिळाला, १९८२ मध्ये ती रजा पाच आठवड्यांची झाली आणि देशाचा मोठा भाग ऑगस्टमध्ये समुद्रकाठी किंवा डोंगरात जाऊ लागला. दुकाने बंद, कुटुंबाचे डॉक्टर रजेवर, रुग्णालयांत कर्मचारी कमी म्हणून खाटांचे विभागच्या विभाग मिटलेले. पंतप्रधान झां-पिएर राफारँ आल्प्समध्ये होते, राष्ट्राध्यक्ष झाक शिराक कॅनडात. आरोग्य संचालनालयाने ८ ऑगस्टला उष्णतेबद्दल एक पत्रक काढले; ते कोणाच्या लक्षातही राहिले नाही. १० ऑगस्टला तातडीच्या विभागात काम करणारे डॉक्टर पात्रिक पेलू यांनी दूरचित्रवाणीवर सांगितले की, पॅरिस परिसरात माणसे उष्णतेने मरत आहेत आणि अधिकारी याला नैसर्गिक मृत्यू म्हणत आहेत. दुसऱ्या दिवशी आरोग्यमंत्री झां-फ्रांस्वा मात्तेई आपल्या सुटीतल्या घराच्या बागेतून, पोलो शर्टात, मुलाखत देताना देशाने पाहिले. परिस्थिती हाताळली जात आहे असे ते सांगत होते. १२ ऑगस्टला, लाटेच्या शिखरावर, एका दिवसात देशभर सुमारे दोन हजार माणसे जास्त मेली. १३ तारखेला पॅरिस प्रदेशातल्या रुग्णालयांसाठी आणीबाणीची योजना लागू झाली. तोपर्यंत शवागारे भरली होती. पॅरिसजवळच्या इव्रीत शीतवाहने उभी करावी लागली आणि पॅरिसला भाजीपाला व मांस पुरवणाऱ्या रँझिसच्या घाऊक बाजाराजवळचे शीतगृह प्रेते ठेवण्यासाठी घ्यावे लागले.

वीजपुरवठ्याची स्थितीही नाजूक होती. फ्रान्सची तीन चतुर्थांशांहून अधिक वीज तेव्हा अणुभट्ट्यांतून येत होती आणि भट्ट्या थंड करायला नद्यांचे पाणी लागते. नद्याच तापल्यामुळे, गरम पाणी नदीत सोडण्याची मर्यादा सरकारला तात्पुरती शिथिल करावी लागली. अल्सासमधल्या फेसेनाइम इथे तर भट्टीच्या इमारतीवर बाहेरून पाणी फवारून पाहण्यात आले.

सरकारला उशिरा का कळले, याचे उत्तर कागदांच्या प्रवासात आहे. मृत्यूचा दाखला डॉक्टर लिहीत, तो नगरपालिकेत जाई, तिथून त्याचा एक भाग सांख्यिकी संस्थेकडे आणि मृत्यूच्या कारणाचा बंद भाग आरोग्य संशोधन संस्थेकडे. हे सगळे टपालाने. कारणांची राष्ट्रीय आकडेवारी हाती यायला वर्षे लागत. १९९८ मध्ये स्थापन झालेली आरोग्यदक्षता संस्था साथीच्या रोगांवर नजर ठेवत होती. उष्णता तिच्या कामाच्या यादीतच नव्हती. हवामान विभागाजवळ तापमानाचा अंदाज होता आणि डॉक्टरांजवळ रोगी होते, पण दोन्ही माहिती एकत्र पाहणारे टेबल देशात कुठेच नव्हते. मृतांचा पहिला मोठा आकडा अंत्यविधीचा व्यवसाय करणाऱ्यांकडून आला. १८ ऑगस्टला आरोग्य संचालक ल्युसियँ आबेनाईम यांनी राजीनामा दिला. १४,८०२ हा आकडा दनी एमाँ आणि एरिक झुगला या संशोधकांनी सप्टेंबरच्या अखेरीस मांडला.

मृतांपैकी पाचातले चार पंचाहत्तरीपुढचे होते आणि वृद्धांत पुरुषांपेक्षा स्त्रिया अधिक होत्या. मुले आईबापांना सोडून समुद्रकाठी गेली, अशी टीका तेव्हा जोरात झाली. तिच्यात तथ्याचा अंश असला तरी पुष्कळ माणसे रुग्णालयांत आणि वृद्धाश्रमांत, म्हणजे इतरांच्या देखरेखीखाली मेली. घरी गेलेल्यांचे प्रमाण सुमारे एक तृतीयांश होते. कुटुंबांना दोष दिल्याने वृद्धाश्रमांतली अपुरी माणसे आणि बंद खाटा यांवरचे लक्ष उडाले. कोणीच न्यायला न आलेल्या ५७ जणांना ३ सप्टेंबरला पॅरिसजवळच्या तिये इथल्या दफनभूमीत पुरण्यात आले. राष्ट्राध्यक्ष शिराक आणि पॅरिसचे महापौर बेर्त्रां दलानोए तिथे हजर होते.

पुढच्या वर्षभरात जे झाले त्याला उत्तम काम म्हणावे लागेल. २००४ च्या उन्हाळ्यापूर्वी राष्ट्रीय उष्मालाट योजना तयार झाली. सावधगिरीचा इशारा देताना एका दिवसाचे कमाल तापमान न पाहता सलग तीन दिवसांची आणि तीन रात्रींची सरासरी धरली गेली, आणि प्रत्येक जिल्ह्याची मर्यादा तिथल्या सवयीनुसार वेगळी ठेवली. पॅरिससाठी ती दिवसा ३१ आणि रात्री २१ अंश आहे. दक्षिणेत ती वरची आहे. रात्रीला दिवसाइतकेच वजन देणे हा २००३ चा सर्वांत मोलाचा धडा. ३० जून २००४ च्या कायद्याने एकट्या वृद्धांची व अपंगांची ऐच्छिक नोंदवही ठेवणे नगरपालिकांवर बंधनकारक झाले. इशारा निघाला की त्या यादीतल्यांना दूरध्वनी जातो. वृद्धाश्रमांत निदान एक तरी थंड ठेवलेली खोली असावी असा नियम झाला. तातडीच्या विभागांतली रोगीसंख्या आणि नगरपालिकांतले मृत्यू रोजच्या रोज संगणकावर येऊ लागले. पैशासाठी एक सुटी कमी करण्यात आली: पेंटेकोस्ट या ख्रिस्ती सणाच्या सोमवारी कामगारांनी विनामोबदला काम करावे आणि मालकांनी तेवढा हिस्सा वृद्ध व अपंगांच्या निधीत भरावा. त्याला संपांनी विरोध झाला आणि २००८ मध्ये दिवसाची निवड खुली करण्यात आली, पण हा निधी अजून चालू आहे.

योजनेची परीक्षा जुलै २००६ मध्ये झाली. त्या लाटेत, जुन्या अनुभवाच्या हिशेबाने, सुमारे साडेसहा हजार मृत्यू व्हायला हवे होते. प्रत्यक्षात दोन हजारांच्या आसपास झाले. २०१९ मध्ये देशाने पहिल्यांदा लाल इशारा दिला, शाळांची राष्ट्रीय परीक्षा पुढे ढकलली. २८ जून २०१९ रोजी दक्षिणेतल्या वेरार्ग इथे ४६ अंशांची नोंद झाली, २५ जुलैला पॅरिसमध्ये ४२.६ अंशांची. दोन्ही उच्चांक २००३ पेक्षा वरचे, तरी त्या वर्षीच्या लाटांतले जास्तीचे मृत्यू दीड हजाराच्या घरात राहिले. ऑक्टोबर २०२३ मध्ये पॅरिसने शहराचे तापमान ५० अंश झाले असे गृहीत धरून सराव केला. त्यात शाळकरी मुलांना जुन्या, बंद पडलेल्या रेल्वेमार्गाच्या थंड बोगद्यात हलवून पाहण्यात आले.

इशारा, नोंदवही आणि दूरध्वनी यांनी हजारो जीव वाचवले. घरांचे काम त्या मानाने पुढे सरकलेले नाही. जुन्या इमारतींचे बाह्यरूप बदलायला वारसा-संरक्षणाची परवानगी लागते, छपराचा रंग बदलणेही सोपे नाही, आतून थर लावायचा तर आधीच लहान असलेली खोली आणखी लहान होते आणि खर्च कोणी करायचा यावर घरमालक व भाडेकरू यांचे एकमत होत नाही. डिसेंबर २०२४ मध्ये पॅरिसच्या जस्त-छपरांच्या कारागिरीला युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत स्थान मिळाले. त्या छपरांखालच्या खोल्या आजही भाड्याने दिल्या जातात.