कोशाचा धागा

चांद्याचें नांव काढलें कीं वाचकांस गोंड राजांचा परकोट, महाकालीची यात्रा आणि कोळशाच्या खाणी आठवतात. परंतु याच प्रांतीं ऐन-अर्जुनाच्या रानांत एक रेशीम पिकतें, त्यास इकडे कोसा म्हणतात. १९८२ सालीं जिल्ह्याचे दोन भाग होऊन आरमोरी गडचिरोलींत गेली, नागभीड चंद्रपुरांत राहिलें. धंदा दोहोंकडे चालू राहिला.

पांखरें हुसकावीत रानांत कोसा पाळणें हें मुख्यतः ढिवरांचें काम, विणणें कोष्ट्यांचें. या दोहोंमधलें काम बायकांचें. कोशाच्या प्रदेशांतली जुनी रीत अशी कीं, उकडलेल्या कोशांचे तंतू एकत्र ओढून ते उघड्या मांडीवर तळव्यानें वळावयाचे. रोज तेंच केल्यानें कातडी सोलवटून निघते. ही रीत बंद करून यंत्रें देण्याचा कार्यक्रम केंद्र सरकारनें २०१९ सालीं हातीं घेतला, यावरून ती किती टिकली हें दिसून येईल. करवतीच्या दात्यांसारखा कांठ तीन धोट्यांनीं विणणाऱ्या कोष्ट्याचें कौतुक सर्वत्र होतें, आणि तें योग्यच आहे. धागा काढणारीची आठवण मात्र क्वचितच कोणास होते.

या वस्त्रास आधुनिक वेषांत स्थान मिळालें म्हणजे कारागीर स्त्रिया तरतील, असें हल्लीं पुष्कळदा म्हटलें जातें. हेतु उत्तम आहे. इतिहासाचा अनुभव मात्र दुहेरी आहे. इंग्लंडांतील लीक गांवचा रंगारी टॉमस वॉर्डल यानें रंग सहजासहजीं न धरणारें टसर रंगवून दाखविलें, आणि १८७८ च्या पॅरिस प्रदर्शनानंतर युरोपांत त्याची आवड पसरली. पण चीनचें रानरेशीम यंत्रांस अधिक मानवलें. व्यापाराचा मोठा वांटा तिकडे गेला. फॅशन आली, ती आमच्या बायकांच्या दारीं मात्र आली नाहीं.

दुसरा अनुभव चांद्याच्याच सावलीचा. सावली हें खादीचें नांवाजलेलें केंद्र होतें. १९३५ सालीं गांधीजींनीं आग्रह धरला कीं, सूत कांतणाऱ्या बाईस पोटापुरती मजुरी मिळालीच पाहिजे. त्यांचें मागणें आठ तासांस आठ आण्यांचें. चरखा संघानें प्रारंभीं तीन आण्यांची मर्यादा धरली. खादी महागणार हें उघड होतें, आणि शहरांतील गिऱ्हाईक बिथरेल ही भीति खोटी नव्हती. तरीही आधीं मजुरी, मग किंमत, असा क्रम ठरला. पुढच्याच वर्षीं गांधी सेवा संघाचें संमेलन सावलीस भरलें, व गांधीजी तेथें येऊन राहिले. तें सूत कापसाचें होतें, कोशाचें नव्हे. पण प्रश्न तोच.

करवती वस्त्रांस आतां भौगोलिक मानांकन आहे. त्यांच्या ओढण्या व जाकिटेंही होऊं लागलीं आहेत. मध्यंतरीं घरांतील लग्नाकरितां मीं एक करवती लुगडें घेतलें. विणकराची मजुरी दुकानदारानें तत्काळ सांगितली. धागा काढणारीस काय मिळतें, असें विचारतांच तो क्षणभर थांबला, आणि म्हणाला, “तें मास्तर, आम्हीं कधीं विचारलें नाहीं. धागा तयारच येतो.”