पत्र्याची शिवण

सोसायटीत 'इंजिनियर' असण्याचे काही तोटे असतात. लिफ्ट अडकली, पंप बिघडला, गच्ची गळली की सगळे आपल्याकडे बघतात. मी जन्मात कोडशिवाय काही लिहिलेलं नाही हे कितीदा सांगितलं, तरी "अरे पण इंजिनियर आहेस ना?" हे पालुपद चालूच! तर यंदा माझ्या वाट्याला आलं ते गच्चीवरचं छप्पर.

आमची इमारत ठाण्यात, जुनी, चार मजली. आई-बाबा चौथ्यावर राहतात. स्लॅब गळायला लागला म्हणून २०१९ मध्ये गच्चीवर पत्रे टाकले. दुसऱ्याच पावसाळ्यात बाबांच्या खोलीत परत बादली आली. कंत्राटदार येऊन दर वर्षी स्क्रूंच्या डोक्यावर सिलिकॉन फासून जायचा. पुढच्या जूनमध्ये पुन्हा टप टप.

आता कबुली देतो. २०१९ मध्ये कोटेशनांची तुलना करणारी एक्सेल शीट मीच बनवली होती. दर, पत्र्याची जाडी, रंग, वॉरंटी, सगळ्याचे कॉलम होते. दोन पत्रे एकमेकांना जोडणार कसे, याचा कॉलमच नव्हता. तो प्रश्न असू शकतो हेच मला सुचलं नाही. या वेळी तीन नवी कोटेशनं हातात आली, तेव्हा ठरवलं की आधी जरा इतिहास वाचायचा. गेले दोन-तीन वीकेंड त्यातच गेले, आणि खरं सांगतो, मजा आली.

मूळ भानगड अशी आहे. छपराच्या जोडाकडून आपण दोन उलट गोष्टी मागतो. पाणी आत येऊ नये म्हणून जोड घट्ट हवा. पण धातू उन्हात लांबतो आणि रात्री आकसतो, म्हणून जोडाला हलायलाही आलं पाहिजे. स्टीलचा १२ मीटरचा पत्रा ४० अंशांच्या फरकाला सुमारे ६ मिलिमीटर लांबतो. छपराला चांगला उतार असेल तर जोड थोडा सैल चालतो, कारण पाणी तिथे थांबतच नाही. उतार कमी झाला की पाणी रेंगाळतं, वाऱ्याने उलटं चढतं, आणि मग मात्र हा झगडा सुरू होतो.

युरोपातल्या जुन्या चर्चवर शिसं असायचं. शिसं मऊ, कसंही वळवा. पण ते उष्णतेने स्टीलच्या दुपटीहून जास्त फुगतं आणि स्वतःच्या वजनाने हळूहळू खाली सरकतं. म्हणून कारागीर लहान लहान पत्रे घेत. उताराच्या दिशेने जाणारा जोड गोल लाकडी दांड्यावर गुंडाळत. आडव्या जोडाला मात्र सरळ पायरीच करत, म्हणजे वरच्या पत्र्याचं पाणी खालच्या पत्र्यावर पडे. घट्टपणाचा हट्टच नाही. जोड पाण्याच्या वर उचलून ठेवायचा, बस!

एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत कल्हई केलेल्या लोखंडी पत्र्याची छपरं आली. १८९० च्या जबर आयातकरापर्यंत हा पत्रा मुख्यतः वेल्समधून यायचा. तिथल्या कारागिरांनी दोन रस्ते काढले. उतार बरा असेल तर शेजारच्या दोन पत्र्यांच्या कडा उभ्या करून एकमेकींत दुमडायच्या. हीच स्टँडिंग सीम, म्हणजे उभी शिवण. पत्र्याला भोक नाही. दुमडीत अडकवलेल्या छोट्या पट्ट्या खालच्या फळ्यांना ठोकायच्या. पत्रा हलायला मोकळा आणि जोड पाण्याच्या वर.

फिलाडेल्फिया, बाल्टिमोरच्या चाळीवजा घरांना मात्र उतार जवळजवळ नसायचा. तिथे आडवी शिवण. साधारण १४ बाय २० इंचांचे पत्रे कडेला एकमेकांत अडकवून, आपटून सपाट करून, वरून सोल्डर करायचे. पाण्याला वाट नाही, पण पत्र्यालाही हलायला वाव नाही. मग सोल्डरला तडे जात आणि दर काही वर्षांनी रंग आणि डागडुजी आलीच. थोडक्यात, उभी शिवण हलायची पण तुंबलेल्या पाण्याला पुरी पडत नव्हती, आणि आडवी शिवण पाणी रोखायची पण हलत नव्हती. दोन्हीपैकी एक निवडा!

तिसरा रस्ता आपल्या ओळखीचा. १८२९ मध्ये लंडनच्या गोदीवर काम करणाऱ्या हेन्री रॉबिन्सन पामर या इंजिनियरने पन्हळी पत्र्याचं पेटंट घेतलं. १८३७ मध्ये फ्रान्समध्ये सोरेलने जस्ताचा मुलामा देण्याची पद्धत काढली आणि हा पत्रा जगभर गेला, कोकणातल्या गोठ्यापासून मुंबईच्या गोदामापर्यंत. कल्पना सुंदरच होती. पन्हळीमुळे पातळ पत्र्याला ताकद आली, खालच्या फळ्या गेल्या. पण पत्रा बसवायचा म्हणजे त्याला भोकं पाडायची. आपल्याकडे आकडे आणि डांबरी वॉशर, आता रबरी वॉशरचे स्क्रू. भरपूर उतारावर हे उत्तम चालतं. कमी उतारावर प्रत्येक भोक म्हणजे एक उमेदवार.

आमच्या गच्चीवर नेमकं हेच झालं. १२ मीटरचे पत्रे, दोन्हीकडे स्क्रूने जखडलेले. पत्रा दर दुपारी लांबणार आणि दर रात्री आकसणार. जायला जागा नाही, मग तो स्क्रूभोवतीचं भोकच लांबट करतो. पाच वर्षांत अठराशेहून जास्त वेळा. सिलिकॉन बिचारं काय करणार?

ही कोंडी फुटली ती १९६० च्या दशकाच्या अखेरीस, आणि गंमत म्हणजे उत्तर आधीपासून स्वयंपाकघरात होतं. डबाबंद अन्नाचे डबे आधी हाताने सोल्डर करत. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला दुहेरी दुमडीचा डबा आला. झाकणाची आणि अंगाची कड एकमेकींत गुंडाळायची, मध्ये सीलचा पातळ थर, सोल्डर नाही. घरातल्या एखाद्या डब्याची कड नीट बघा, तिथे पत्र्याचे पाच थर एकमेकांत दाबलेले असतात.

अमेरिकेतल्या बटलर मॅन्युफॅक्चरिंग या कंपनीने हीच दुहेरी दुमड 'एमआर-२४' नावाने छपरावर नेली. कडेत सीलंट कारखान्यातच भरायचं, छपरावर विजेचं छोटं यंत्र शिवणीवरून चालवायचं आणि ते कड पूर्ण गुंडाळत जाणार. आत अडकवलेली क्लिप दोन भागांची असते, खालचा भाग कैचीला पक्का आणि वरचा पत्र्याबरोबर सरकणारा. पत्रा एका टोकाला बांधायचा, बाकी मोकळा. घट्टपणा शिवणीकडे आणि हालचाल क्लिपकडे! एका जोडावर लादलेली दोन कामं दोघांत वाटून टाकली. आमच्या धंद्यात याला चांगलं डिझाइन म्हणतात. :-)

अमेरिकेच्या बिल्डिंग कोडात हा इतिहास तीन आकड्यांत बसलाय. सीलंटशिवाय एकमेकांवर चढवलेल्या पत्र्यांना किमान १:४ उतार हवा, सीलंट लावून १:२४, आणि उभ्या शिवणीला १:४८.

आमचा उतार? पाण्याची टाकी आणि उंचीची मर्यादा बघता १२ मीटरला जेमतेम अर्धा मीटर मिळतो. म्हणजे १:२४, अगदी काठावर. १:४ करायचा तर एका बाजूला ३ मीटर उंची लागेल, ते होणं नाही. त्यामुळे पहिलं कोटेशन, म्हणजे जाड पत्रा पण तेच स्क्रू, बाद. दुसरं दिसायला देखणं, स्क्रू झाकलेले, नुसतं दाबून 'टक' बसणारी शिवण. पण अशी शिवण चांगल्या उतारासाठीच असते. तेही बाद. उरलं तिसरं, यंत्राने दुहेरी दुमडलेलं आणि दीडपट महाग.

याचा अर्थ ते जादूचं आहे असा नाही. टाकीचे पाय आणि पाइप जिथून वर येतात तिथे पत्रा कापावाच लागणार, आणि गळती बहुधा तिथूनच सुरू होईल. वाऱ्याचंही आहे. ३ जून २०२० ला 'निसर्ग' वादळाने श्रीवर्धन-दिवेआगरकडे पत्रे कसे उडवले ते आपण पाहिलंय. भोकं नाहीत म्हणजे सगळा भार क्लिपांवर, म्हणून कडेला आणि कोपऱ्यात त्या जवळजवळ हव्यात. कोटेशनमध्ये हे दोन्ही लिहून मागितलंय.

गेल्या रविवारी मीटिंग झाली. मी डब्याचं झाकण घेऊन गेलो होतो. अर्धा तास वाद, "दीडपट कशाला?" वगैरे. मी २०१९ ची माझी शीट दाखवली आणि चूक कुठे होती ते सांगितलं. शेवटी अकरा विरुद्ध सात मतांनी तिसरं कोटेशन पास झालं. काम दिवाळीनंतर.

वर जाऊन बाबांना सांगितलं. ते म्हणाले, "बरं झालं. पण बादली मी अजून हलवत नाही."

त्यांचंही बरोबर आहे.