मनूचा मासा आणि काचेची पेटी

घरात मासा पाळण्याची हौस पाश्चात्त्यांकडून आली, असा सर्वसाधारण समज आहे. काचेच्या पेटीपुरता तो खरा आहे; हौसेपुरता नाही. अलीकडे या हौसेने एक निराळे वळण घेतले आहे. शोभिवंत सोनमाशांवर समाधान न मानता आपल्याच नद्या-तळ्यांतील मोठे, शिकारी मासे, म्हणजे मरळ, शिवडा, क्वचित खडसदेखील, घरच्या पेटीत वाढविण्याकडे काहींचा कल दिसतो. देशी जलचरांविषयी कुतूहल वाढावे यात वावगे काहीच नाही. परंतु बोटाएवढे पिलू हातभर झाले म्हणजे त्याचे करावयाचे काय, हा प्रश्न उभा राहतो, आणि त्याचे उत्तर कित्येकदा देवळाच्या तळीत शोधले जाते. म्हणून या विषयाचा पूर्वेतिहास देवस्थानांशी नाते असलेल्या वाचकांपुढे मांडणे आम्हांस अगत्याचे वाटते.

या इतिहासाचा आरंभ शतपथ ब्राह्मणात सापडतो. मनू सकाळी हात धूत असता एक लहानसा मासा त्याच्या हाती आला. त्याने मनूला सांगितले की, आम्ही लहान असतो तोवर आम्हांस मोठे भय असते, कारण मासाच माशाला गिळतो. तेव्हा प्रथम मला कुंभात ठेव, कुंभ अपुरा पडला म्हणजे खड्डा खणून त्यात ठेव, आणि तोही पुरेनासा झाला म्हणजे समुद्रात ने. महाभारताच्या वनपर्वात हीच कथा येते, तेव्हा मासा रांजणातून मोठ्या वापीत, वापीतून गंगेत आणि गंगेतून समुद्रात जातो. पुढचा जलप्रलय आणि शिंगाला बांधलेली नौका सर्वांच्या स्मरणात असते. परंतु त्यापूर्वीचा हा करार सहसा कोणी ध्यानात घेत नाही. वकिलाच्या दृष्टीने पाहता तो मोठा चोख करार आहे. पोषणाच्या अटी आधीच ठरल्या आहेत, प्रत्येक पात्राची मुदत ठरली आहे आणि शेवटचे पाणी कोणते हेही पहिल्याच दिवशी निश्चित झाले आहे. मनूचे मोठेपण मासा उचलण्यात नाही. प्रत्येक वेळी अधिक मोठे पाणी शोधून देण्यात आहे.

ऐतिहासिक काळात आल्यावर राजसत्तेचे माशांशी दोन प्रकारचे नाते दिसते. अशोकाने राज्याभिषेकास सव्वीस वर्षे झाल्यावर कोरविलेल्या पाचव्या स्तंभलेखात अवध्य प्राण्यांची यादी दिली असून तीत काही मासेही आहेत; शिवाय ठरावीक पर्वदिवशी मासे मारू नयेत व विकूही नयेत, असा निर्बंध त्यात घातला आहे. हे झाले रक्षणाचे नाते. दुसरे नाते विनोदाचे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर (इ. स. ११२६ ते ११३८) याने सुमारे ११२९ मध्ये रचलेल्या ‘मानसोल्लासा’त ‘मत्स्यविनोद’ हे स्वतंत्र प्रकरण असून त्यात माशांच्या जाती, त्यांची निवासस्थाने, त्यांना आवडणारी आमिषे आणि गळाची रीत यांचे वर्णन आहे. हे कल्याणी म्हणजे आजचे बीदर जिल्ह्यातील बसवकल्याण. १९५६ पर्यंत ते हैदराबाद राज्यात होते. प्राणिशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी या प्रकरणाचा अभ्यास १९५१ साली प्रसिद्ध केला, तेव्हा आठ शतकांपूर्वीच्या त्या निरीक्षणाचे मोल आधुनिक शास्त्राच्या नजरेस आले.

या दोहोंखेरीज तिसरे एक नाते आहे, आणि ते कोणा एका राजाच्या आज्ञेने निर्माण झालेले नाही. ते देवाच्या डोहाचे होय. महाडनजीक वाळणकोंड येथे वरदायिनीच्या सान्निध्यात, वाडा तालुक्यात वैतरणेकाठी तिळसे येथे महादेवाच्या सान्निध्यात आणि शृंगेरीस तुंगेच्या घाटावर मोठमोठे मासे निर्भयपणे वावरतात. भाविक त्यांना चुरमुरे-लाह्या घालतात. जाळे कोणी टाकीत नाही. यांतील पुष्कळ मासे खडसाच्या कुळातले. साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने पुण्याजवळच्या मुळा-मुठेतील या माशाचे शास्त्रीय वर्णन १८३९ साली केले, तेव्हा ‘खुद्री’ हे स्थानिक नावच त्याने शास्त्रीय नावात घेतले. आमच्या भाषेत या रीतीला ‘राखणे’ असा नेमका शब्द आहे, आणि तो ‘पाळणे’ याहून वेगळा आहे. पाळलेला प्राणी आपल्या जागेत येतो. राखलेला प्राणी आपल्याच जागेत राहतो. डोहातील मासा नदीचाच राहतो, पुरात वर-खाली जातो, आपली शिकार आपण करतो. मनुष्य फक्त आपला हात आवरून धरतो.

काचेची पेटी यानंतर पुष्कळ उशिरा आली. इंग्लंडमध्ये काचेवरील कर १८४५ साली उठला आणि काच स्वस्त झाली. पाण्यातील वनस्पती व मासे यांचा परस्परांना आधार होतो, हे रॉबर्ट वॉरिंग्टनने १८५० च्या सुमारास प्रयोगाने दाखविले. लंडनच्या प्राणिसंग्रहालयात १८५३ साली मत्स्यगृह उघडले आणि पुढच्याच वर्षी फिलिप गॉस याच्या पुस्तकाने ‘अॅक्वेरियम’ हा शब्द सर्वतोमुखी केला. मुंबईत चौपाटीच्या रस्त्यावर तारापोरवाला मत्स्यालय १९५१ मध्ये उघडले. मासा बाजूने पाहता येणे ही त्या पेटीची खरी देणगी होय. त्यापूर्वी मनुष्याला तो बहुधा वरूनच दिसे.

आता त्या पेटीत शिकारी मासा घालून पाहू. सहा फूट लांब, दोन फूट रुंद व दोन फूट उंच अशी पेटी घरात मोठीच म्हणावी लागेल. तिच्यात सुमारे ६८० लिटर, म्हणजे तितकेच किलो वजनाचे पाणी मावते. मोठ्या जातीची मरळ तीन फुटांची होते आणि शिवडा त्याहूनही वाढतो. दोन फूट रुंदीत तीन फुटी माशाला वळावयाचे तर अंग दुमडावे लागते. मांसाहारी माशाच्या कल्ल्यांतून अमोनिया विपुल बाहेर पडतो. नदी तो वाहून नेते, पेटीत तो साठतो. पाण्यातील जीवाणू त्याचे कमी विषारी द्रव्यात रूपांतर करतात खरे, परंतु त्यांना वेळ व जागा हवी, आणि पाणी पुनःपुन्हा बदलावे लागतेच. मरळीची गोष्ट आणखी निराळी. ती वर येऊन हवा घेते. पृष्ठभाग मोकळा नसेल तर पाण्यातच गुदमरते, आणि झाकण नसेल तर उडी मारून जमिनीवर पडते. हीच मरळ तळ्यात आपल्या पिलांचा थवा डोळ्यांत तेल घालून सांभाळते, हे काचेआड पाहावयास मिळत नाही.

कायदा काय म्हणतो, असे वाचक विचारतील. वाहत्या नदीतील मासा कोणाच्याही ताब्यात नसतो, म्हणून तो पकडणे ही सामान्यतः चोरी होत नाही. चारी बाजूंनी बंदिस्त तळ्यातील मासा मात्र ताब्यात असतो आणि त्याची चोरी होऊ शकते, असे मुंबई उच्च न्यायालयाने गेल्या शतकापूर्वीच, १८८० नंतरच्या दशकात मानले. १८६० ची दंडसंहिता जाऊन १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली, तरी चोरीची व्याख्या तत्त्वतः तीच आहे. म्हणजे पेटीतील मासा ही मालमत्ता झाली. परंतु मालकी आली की जबाबदारीही आली, आणि मालमत्ता नकोशी झाली म्हणून ती दुसऱ्याच्या आवारात टाकण्याचा अधिकार कोणालाही मिळत नाही.

गोमंतकात देवळाची तळी ही देवस्थानची असते आणि तिची व्यवस्था १९३३ च्या नियमावलीनुसार महाजनांकडे असते. बांदिवड्याच्या श्रीनागेशाची माडांनी वेढलेली तळी ज्यांनी पाहिली आहे, त्यांना तेथील माशांचे सुख ठाऊक आहे. अशा बंदिस्त पाण्यात एखादी वाढलेली मरळ गुपचूप सोडली, तर लहान माशांना पळावयास वाट नाही. जो मत्स्यन्याय नदीत समतोल राखतो, तोच तेथे संहार ठरतो. सोडणारा मात्र जीवदानाचे पुण्य जोडल्याच्या समाधानात घरी जातो. देवाला केलेल्या उत्सर्गास कोणाच्या स्वीकाराची गरज नाही, हे आम्ही जाणतो. परंतु उत्सर्गाला संकल्प लागतो. अडगळ टाकणे म्हणजे अर्पण नव्हे.

नदीत सोडला तर दोष नाही, असेही कोणी समजू नये. लोणावळ्याच्या संवर्धनकेंद्रात १९७० नंतर वाढविलेली आपली खडस सद्भावनेने कावेरीत सोडण्यात आली. ती तेथे फोफावली आणि कावेरीचा स्वतःचा नारिंगी परांचा महाकाय मासा मागे हटत गेला. २०१८ साली त्या माशाची शास्त्रीय ओळख निश्चित झाली आणि त्याच वर्षी त्याची गणना अत्यंत संकटग्रस्त जातींत करावी लागली. एका नदीचा देशी मासा दुसऱ्या नदीत परका असतो.

तेव्हा ज्यांना हौस आहे त्यांनी पिलू आणण्यापूर्वीच मनूप्रमाणे शेवटचे पाणी ठरवावे. स्वतःचे शेततळे असेल, किंवा वाढलेला मासा घेण्यास तयार असलेल्या मत्स्यालयाचा होकार आधी मिळाला असेल, तर मरळ अवश्य पाळावी. नसेल तर लहानच राहणारे मासे पाळावेत. आणि महाजनांनी येत्या वार्षिक सभेत एक साधा ठराव करावा: तळीत कोणीही परस्पर मासा सोडू नये, आणि तशी पाटी पायऱ्यांशी लावावी. शिवडा पाहण्याची ज्यांना ओढ आहे त्यांनी वाळणकोंडाला जाऊन खडसच पाहावी. मूठभर चुरमुरे टाकले की पाणी कसे उसळते, ते कोणत्याही काचेआड दिसणार नाही.