आधी लोकस्थिती, मग प्रवास : पंडिता रमाबाईंची अमेरिका

मराठीच्या वर्गात पंडिता रमाबाईंचे नाव निघते तेव्हा बहुधा धर्मांतराची चर्चा होते, शारदा सदनाची होते, १८९३ च्या वादाची होते. त्यांच्या गद्याची चर्चा क्वचितच होते. १८८९ साली मुंबईच्या निर्णयसागर छापखान्यातून बाहेर पडलेला 'यूनाइटेड स्टेट्सची लोकस्थिति आणि प्रवासवृत्त' हा त्यांचा ग्रंथ शिक्षण, यंत्रयुग, वंशभेद आणि रोजचे जगणे या चारही विषयांवर एका मराठी स्त्रीने मांडलेले स्वतंत्र मत आहे. चरित्राच्या ओझ्याखाली तो दबून राहिला, असे आम्हांला वाटते.

ग्रंथाची पार्श्वभूमी थोडक्यात अशी. १८८२ साली रमाबाईंनी आर्य महिला समाज स्थापला, 'स्त्रीधर्मनीति' लिहिली आणि हंटर शिक्षण आयोगापुढे साक्ष देताना स्त्री-शिक्षिका व स्त्री-डॉक्टर यांची निकड सांगितली. १८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या. वैद्यक शिकण्याचा मानस होता; कानांनी दगा दिल्यामुळे तो मागे पडला. १८८६ च्या मार्चमध्ये फिलाडेल्फियाच्या स्त्री-वैद्यक महाविद्यालयात आनंदीबाई जोशी यांना पदवी मिळणार होती. त्या समारंभासाठी त्या अमेरिकेस पोहोचल्या आणि १८८८ अखेरपर्यंत तेथेच राहिल्या.

ग्रंथाच्या नावातील शब्दांचा क्रम पाहण्याजोगा आहे. आधी लोकस्थिती, मग प्रवासवृत्त. एकंदर आठ प्रकरणांपैकी पहिले समुद्रप्रवासाचे. पुढे त्या देशाचा इतिहास, राज्यव्यवस्था, राहणी, गृहस्थिती, विद्या, धर्मपंथ व परोपकार आणि शेवटी स्त्रियांची स्थिती. प्रवासी स्वतः लवकरच मागे सरते आणि समाज पुढे येतो. एकोणिसाव्या शतकात इंग्रजांनी हिंदुस्थानातील लोकांच्या चालीरीतींवर ग्रंथांमागून ग्रंथ लिहिले. पाहणारा गोरा आणि पाहिला जाणारा काळा, ही त्यातली ठरलेली मांडणी. रमाबाईंनी ती उलटी केली. त्यातही इंग्लंडमध्ये तीन वर्षे राहून त्या देशावर त्यांनी असा ग्रंथ लिहिला नाही. इंग्रजांचे राज्य झुगारून प्रजासत्ताक झालेल्या देशावर लिहिला. आपला वाचक पारतंत्र्यात आहे याचे भान या निवडीत दिसते.

शिक्षणाविषयी त्यांची दृष्टी व्यवहारी आहे. स्त्रियांना उच्च शिक्षण सहज मिळाले, असे चित्र त्या रंगवत नाहीत. कोणत्या विरोधातून आणि कोणाच्या चिकाटीतून ते मिळाले, याची हकिकत सांगतात. हा तपशील १८८९ च्या महाराष्ट्राला उद्देशून होता. पुण्यात मुलींचे हायस्कूल निघून अवघी पाच वर्षे झाली होती आणि 'केसरी'चा त्यास विरोध होता. परदेशातील यशापेक्षा परदेशातील झगडा आपल्या लोकांना अधिक उपयोगी पडेल, हे रमाबाईंनी ओळखले. त्यांनी स्वतः तेथे बालोद्यान पद्धतीचे शिक्षण घेतले, तेही याच हिशेबाने.

दैनंदिन जीवनावरील त्यांचे लेखन वाचताना ग्रंथ कौतुकाने ओथंबलेला आहे हा समज टिकत नाही. स्त्रियांनी संस्था उभारणे, वर्गणी गोळा करणे, सभा चालवणे या गोष्टी त्यांना भावल्या. फॅशनची गुलामी आणि टोप्या सजवण्यासाठी होणारी पक्ष्यांची हत्या त्यांना खटकली. सुधारलेला देश म्हणून त्याच्या प्रत्येक चालीला मान डोलावणे त्यांना मंजूर नव्हते.

खरा कस लागतो तो वंशभेदाच्या प्रश्नावर. १८७३ साली जोतीराव फुल्यांनी 'गुलामगिरी' अर्पण केली ती हबशी लोकांना दास्यातून मुक्त करणाऱ्या अमेरिकेतील सज्जनांना. फुल्यांनी अमेरिका दुरून पाहिली होती आणि दास्यमुक्तीचा क्षण पकडला होता. रमाबाई तेथे पोहोचल्या तेव्हा कायद्याने गुलामगिरी संपून वीस वर्षे लोटली होती. पण सार्वजनिक ठिकाणी समान वागणूक देणारा १८७५ चा कायदा तेथील सर्वोच्च न्यायालयाने १८८३ मध्ये मोडीत काढला होता. कायदा गेला तरी तिरस्कार उरतो, हे त्यांनी नोंदवले आणि त्याची तुलना आपल्याकडील जातिभेदाशी केली. आम्हांला ही दोन पुस्तके वर्गात शेजारी ठेवून वाचावीशी वाटतात. एकात मुक्तीचे स्वागत आहे, दुसऱ्यात मुक्तीनंतरच्या अपुरेपणाची जाणीव. त्याच फुल्यांनी १८८५ च्या 'सत्सार'मध्ये रमाबाईंच्या धर्मांतराची बाजू घेतली होती, हेही विद्यार्थ्यांना सांगावे.

ग्रंथाच्या मर्यादाही सांगायला हव्यात. रमाबाईंच्या यजमान बहुतांशी गोऱ्या, प्रॉटेस्टंट, मध्यमवर्गीय सुधारक स्त्रिया होत्या. त्यांच्या दिवाणखान्यातून दिसणारी अमेरिका ही संपूर्ण अमेरिका नव्हे. मूळ रहिवाशांवरील अन्यायाविषयी रमाबाईंना कळवळा आहे. परंतु १८८७ च्या ज्या कायद्याने त्यांच्या सामाईक जमिनींचे तुकडे पडले, त्याला तशाच सुधारक वर्तुळांतून पाठिंबा होता. मदतीसाठी आलेला हातही जमीन काढून घेऊ शकतो, हा प्रश्न ग्रंथाला पुरता भिडत नाही. आजच्या वाचकाने तो विचारावा. त्याने ग्रंथाचे मोल कमी होत नाही.

बॉस्टनमध्ये १८८७ साली स्थापन झालेल्या रमाबाई असोसिएशनने दहा वर्षे साहाय्याचे वचन दिले आणि ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन सुरू झाले. ग्रंथ आणि शाळा एकाच वर्षी जन्मली. याच वर्षी काशीबाई कानिटकरांनी लिहिलेले आनंदीबाईंचे चरित्रही प्रसिद्ध झाले. म्हणजे एका वर्षात दोन मराठी लेखिकांनी अमेरिकेशी जोडलेल्या अनुभवाला ग्रंथरूप दिले. वाङ्मयेतिहासात या योगायोगाला परिच्छेदभर तरी जागा असावी.

पुढे केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये रमाबाईंनी छापखाना घातला. निराधार म्हणून आलेल्या स्त्रिया तेथे खिळे जुळवू लागल्या, छपाई करू लागल्या. रमाबाईंनी मूळ हिब्रू व ग्रीक भाषांवरून केलेले बायबलचे मराठी भाषांतर तेथेच छापले गेले. १९२२ मध्ये त्यांचे निधन झाले, ग्रंथ १९२४ मध्ये पूर्ण छापून निघाला. यंत्राविषयीचे त्यांचे मत शोधायचे तर ते येथे शोधावे. यंत्र कोणाच्या हाती द्यायचे, हे त्यांनी ठरवून दाखवले.

अभ्यासक्रमात रमाबाईंचे एखादे पान घ्यायचे झाल्यास ते चरित्रातून न घेता या ग्रंथातून घ्यावे, अशी आमची सूचना आहे. धर्मांतराचा वाद विद्यार्थ्यांपर्यंत पोहोचतोच. त्या बाईंनी काय पाहिले आणि त्यावर काय विचार केला, हे मात्र कोणी हाती दिल्याशिवाय पोहोचत नाही.