नावाच्या जागी ‘क्ष’ : माल्कम एक्स यांनी घेतलेला स्वतःचा शोध

अमेरिकेतल्या काळ्या माणसांच्या लढ्याविषयी आपल्या वस्तीत बोलणे निघाले की अब्राहम लिंकन आणि मार्टिन ल्यूथर किंग ही दोन नावे चटकन ओठांवर येतात. तिसरे नाव निघालेच तर दबक्या आवाजात, ‘तो फार भडक माथ्याचा होता’ असे म्हणून. हे तिसरे नाव माल्कम एक्स यांचे. त्यांची भाषणे गाजली, पण या स्मरणिकेत आम्हाला भाषणांविषयी लिहायचे नाही. शाळा सुटलेला, चोरीच्या गुन्ह्यात तुरुंगात गेलेला वीस-एकवीस वर्षांचा एक पोरगा ‘मी कोण?’ या प्रश्नापाशी कसा आला आणि त्याचे उत्तर त्याला किती वेळा बदलावे लागले, तो इतिहास मांडायचा आहे. चळवळीतला माणूस तयार झाला म्हणजे सगळ्यांना दिसतो. तो तयार होत असताना कुणी बघत नाही.

माल्कम लिटल याचा जन्म १९ मे १९२५ रोजी नेब्रास्का राज्यातील ओमाहा शहरी झाला. वडील अर्ल लिटल हे बाप्टिस्ट पंथाचे उपदेशक आणि मार्कस गार्वी यांच्या संघटनेचे कार्यकर्ते. काळ्या माणसाने आपल्या रंगाची लाज सोडावी, आफ्रिकेला मायभूमी मानावे, असा गार्वींचा प्रचार होता. आई लुईझ ग्रेनाडा बेटावरची, शिकलेली बाई. तिचा बाप गोरा होता, म्हणून ती रंगाने उजळ. माल्कमचाही रंग तिच्यावर गेलेला, केस तांबूस. आता गंमत बघा. ज्या घरात काळेपणाचा अभिमान शिकवला जात होता, त्याच घरात वडील आपल्याला इतर भावंडांपेक्षा कमी मारतात ते आपण उजळ म्हणून, असे या मुलाला वाटत होते. वर्णद्वेष असा चुलीपर्यंत शिरतो. तो काही फक्त गोऱ्याच्या डोक्यात राहत नाही.

मिशिगन राज्यातील लान्सिंग येथे या कुटुंबाने घर घेतले, तर जमिनीच्या कागदात अट की इथे गोऱ्याखेरीज कुणी राहायचे नाही! कोर्टानेही बाहेर पडा म्हणून सांगितले. १९२९ च्या नोव्हेंबरात ते घर रात्री जळून गेले. १९३१ साली वडील ट्रामखाली सापडून मेले. सरकारदरबारी अपघात अशी नोंद झाली. काळ्या वस्तीत मात्र, गोऱ्या टोळीने मारून रुळांवर टाकले असेच बोलले गेले. पुढे मंदीचे दिवस, सात-आठ पोरे, भाकरीची मारामार. धर्मादाय खात्याचे अधिकारी रोज दारात. आईच्या मनावर परिणाम झाला आणि जानेवारी १९३९ मध्ये तिला वेड्यांच्या इस्पितळात नेले. जवळजवळ चोवीस वर्षे ती तिथे होती. मुले वाटली गेली.

माल्कम मेसन या गावी एका गोऱ्या जोडप्याच्या देखरेखीखालच्या सुधारगृहात आला. माणसे वाईट नव्हती. त्याला प्रेमाने वागवीत. पण त्याच्यादेखत काळ्या लोकांविषयी वाटेल ते बोलत, जणू तो तिथे उभाच नाही. शाळेत जवळजवळ सगळी गोरी मुले. त्यांनी त्याला वर्गाचा अध्यक्ष निवडले. अभ्यासात तो वरच्या नंबरातला. आणि एक दिवस शिक्षकांनी विचारले, पुढे काय होणार? तो म्हणाला, वकील. शिक्षकांनी काळ्यांना हिणवायचा नेहमीचा शब्द वापरून त्याला समजावले की तुझ्या जातीच्या माणसाला हे शोभणारे नाही, तुझे हात चांगले आहेत, सुतार हो. त्याच्यापेक्षा कमी मार्कांच्या गोऱ्या मुलांना मात्र हेच शिक्षक हुरूप देत होते.

सुतारकाम हलके नाही, हे आम्हा कष्टकऱ्यांना कुणी शिकवायला नको. प्रश्न कामाचा नव्हता, तुझी जागा मी ठरवणार या म्हणण्याचा होता. आमच्या गिरणधंद्यात एके काळी आपल्या माणसाला त्रासन खात्यात घेत, पण साचेखात्यात घेत नसत. का, तर धोट्यातून धागा तोंडाने ओढावा लागतो आणि तो बाटेल! १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न धसास लावला होता. मेसनच्या शाळेतला तो शिक्षक आणि आमचा जुना जॉबर, दोघे एकाच पट्टीने माणूस मोजत होते.

शाळा सुटली. १९४१ साली तो बोस्टनला सावत्र बहिणीकडे, एलाकडे गेला. तिथे त्याने काय केले? केस सरळ करून घेतले. कुरळे केस गोऱ्यांसारखे सरळ दिसावेत म्हणून अंडी, बटाटे आणि कॉस्टिक सोडा यांचा लगदा डोक्यावर थापायचा, याला ‘काँक’ म्हणत. ज्यांनी गिरणीच्या ब्लीचिंग खात्यात काम केले आहे त्यांना कॉस्टिकचा एक थेंब हातावर पडला की काय होते ते ठाऊक आहे. तो यांनी डोक्याला लावला, आणि आरशात बघून पोरगा खूश! पुढे त्याने लिहिले की स्वतःची विटंबना करण्याचे माझे पहिले मोठे पाऊल ते. आम्हाला त्याच्या सगळ्या आयुष्यातली ही गोष्ट सर्वांत जास्त बोचते. घर जाळले ते दुसऱ्याने, शाळेत अडवले ते दुसऱ्याने, पण ही आग त्याने पैसे मोजून, हौसेने लावून घेतली होती.

बूटपॉलिश, मग रेल्वेत सँडविच विकणे, आणि न्यूयॉर्कच्या हार्लेम वस्तीत जुगार, गांजा, चोऱ्या. तिथे त्याला ‘डेट्रॉइट रेड’ म्हणत. नाव पुन्हा दुसऱ्यांनीच दिलेले. या काळातल्या पराक्रमांचे वर्णन आत्मचरित्रात थोडे फुगवलेले आहे, असे पुढच्या संशोधकांनी दाखवले आहे. आत्मचरित्र म्हणजे काही कोर्टातली साक्ष नव्हे, आणि ॲलेक्स हेली या लेखकाने ते शब्दांत उतरवले आहे, हेही ध्यानात ठेवावे. पण तुरुंग खरा. १९४६ च्या सुरुवातीला घरफोडीत पकडला गेला आणि आठ ते दहा वर्षांची शिक्षा झाली. वय एकवीसही पुरे नव्हते. एवढी शिक्षा कशी? टोळीत गोऱ्या बायका होत्या, खरा राग त्याचाच, असे त्याचे म्हणणे होते.

तुरुंगात तो देवाधर्माला इतक्या शिव्या घाली की कैदी त्याला ‘सैतान’ म्हणत. बिंबी नावाचा एक वयस्कर काळा कैदी मात्र शिव्या न देता बोलत असे आणि पहारेकरीसुद्धा उभे राहून ऐकत. शब्दांना इतके वजन असते, हे माल्कमने तिथे पाहिले. १९४८ साली नॉरफोकच्या तुरुंगात त्याची बदली झाली. तिथे मोठे ग्रंथालय होते. पण वाचणार काय? वाक्यातले निम्मे शब्द कळत नसत. तेव्हा त्याने शब्दकोश मागवला आणि पहिले पान जसेच्या तसे, विरामचिन्हांसकट, वहीत उतरवले. एका पानाला एक दिवस लागला. दुसऱ्या दिवशी दुसरे पान. पहिल्याच पानावरचा आफ्रिकेतला वाळवी खाणारा प्राणी त्याच्या जन्मभर लक्षात राहिला. असा सगळा शब्दकोश त्याने उतरवून काढला. रात्री दहाला दिवे बंद होत. मग दाराच्या फटीतून येणाऱ्या बाहेरच्या दिव्याच्या उजेडात जमिनीवर बसून वाचन. पहारेकऱ्याची फेरी तासाला. पावले ऐकू आली की बिछान्यात, गेली की पुन्हा खाली. पहाटे तीन-चारपर्यंत हे चाले. चष्मा लागला. आम्ही स्वतः रात्रपाळी करून, मांडीवर शब्दकोश घेऊन इंग्रजी वाचायला शिकलो, त्यामुळे ही पाने वाचताना आम्हाला दुसऱ्या कुणी समजावून सांगायची गरज पडली नाही.

त्याने काय वाचले? गुलामांच्या व्यापाराचा इतिहास, गुलामांची बंडे, डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस यांचे ग्रंथ, चीन-हिंदुस्थानातल्या गोऱ्या राजवटीचा इतिहास. शाळेच्या पुस्तकात काळ्यांचा इतिहास एका परिच्छेदात संपला होता. इथे तो संपेचना. आणि त्याला कळले की ‘लिटल’ हे आपले नावच नव्हे. आपल्या कुठल्या तरी पणज्याला ज्याने विकत घेतले त्या मालकाचे ते नाव. गुलामावर मालकाचा शिक्का तसे आडनाव. खरे नाव आफ्रिकेतून आणताना जहाजातच पुसले गेले, ते कधी सापडणार नाही. भावंडांच्या पत्रांतून तो एलिजा मुहम्मद यांच्या ‘नेशन ऑफ इस्लाम’ या संघटनेकडे वळला होता. या संघटनेत मालकाचे नाव टाकून त्या जागी इंग्रजी एक्स लिहीत. बीजगणितात जी संख्या माहीत नसते तिला आपण ‘क्ष’ म्हणतो, तोच हा एक्स. ७ ऑगस्ट १९५२ रोजी तो सुटला आणि माल्कम एक्स झाला. खोटे नाव मिरवण्यापेक्षा रिकामी जागा रिकामी म्हणून दाखवणे, हे आम्हाला फार प्रामाणिक वाटते. इथून पुढे आम्हीही त्यांना अहो-जाहो करणार.

एलिजा मुहम्मद यांच्या शिकवणीविषयी मात्र स्पष्ट बोलले पाहिजे. दारू नाही, जुगार नाही, स्वच्छ कपडे, स्वतःची दुकाने, ही शिस्त हार्लेमच्या पोरांना माणसात आणणारी होती. पण याकूब नावाच्या शास्त्रज्ञाने गोरी माणसे सैतान म्हणून निर्माण केली, ही कथा काही इतिहास नव्हे. ज्याला पिढ्यान्‌पिढ्या तू शापित म्हणून सांगितले, त्याला उलटी कथा गोड लागणारच. तरी जन्मावरून माणूस वाईट ठरवणे हे गोऱ्यांचेच माप उलटे धरणे झाले. माल्कम एक्स यांनी ही कथा बारा वर्षे आवेशाने सांगितली. त्यांनी हार्लेमचे मंदिर उभे केले. १९५७ साली पोलिसांनी एका सहकाऱ्याचे डोके फोडले, तेव्हा ठाण्यासमोर जमलेली माणसे त्यांच्या एका हाताच्या खुणेसरशी शांतपणे निघून गेली. पोलीस बघत राहिले.

मग गुरूच्या खासगी वागण्यातला ढोंगीपणा कळला, मतभेद वाढले आणि मार्च १९६४ मध्ये ते बाहेर पडले. एप्रिलात मक्केची यात्रा. तिथून त्यांनी लिहिले की निळ्या डोळ्यांच्या, गोऱ्या कातडीच्या मुसलमानांबरोबर मी एका ताटात जेवलो, एका पेल्यातून प्यालो. ताट आणि पाणी! या दोन शब्दांचा अर्थ आपल्या वाचकांना सांगायला नको. ज्या सौदी अरेबियात त्यांना ही समता दिसली तिथे गुलामगिरी १९६२ साली, म्हणजे फक्त दोन वर्षांपूर्वी, बंद झाली होती, हेही खरे आहे. पण पाहुण्याने जे अनुभवले ते खोटे ठरत नाही. सगळे गोरे सैतान, हे म्हणणे त्यांनी सोडले, आणि सोडले ते चारचौघांत. अल-हज मलिक अल-शबाझ असे नवे नाव घेतले. नायजेरियात इबादानच्या विद्यार्थ्यांनी ‘ओमोवाले’ म्हटले, योरुबा भाषेत त्याचा अर्थ घरी परतलेला मुलगा.

त्याच जुलैमध्ये कैरोला आफ्रिकी राष्ट्रप्रमुखांची परिषद भरली. अमेरिकेतील काळ्यांचा प्रश्न नागरी हक्कांचा नसून मानवी हक्कांचा आहे, तो संयुक्त राष्ट्रसंघात न्या, असे निवेदन त्यांनी तिथे दिले. इथे एक दुवा सांगतो. १९४६ साली, म्हणजे माल्कम तुरुंगात गेले त्याच वर्षी, बाबासाहेबांनी डुबॉइस यांना पत्र लिहून, निग्रो काँग्रेसने संयुक्त राष्ट्रसंघाकडे केलेल्या अर्जाच्या प्रती मागवल्या होत्या. अस्पृश्यांनीही तसेच करावे असा विचार त्यामागे होता. ३१ जुलैला डुबॉइस यांचे सहानुभूतीचे उत्तर आले. तुरुंगातल्या त्या पोराने पुढे वाचली ती याच डुबॉइस यांची पुस्तके.

१४ फेब्रुवारी १९६५ च्या पहाटे न्यूयॉर्कमधल्या त्यांच्या घरावर पेटते बाटलीबॉम्ब पडले. बायको, चार मुली थोडक्यात वाचल्या. आठवड्याने, २१ फेब्रुवारीला, ऑडुबॉन सभागृहात भाषणाला उभे राहताच त्यांना गोळ्या घातल्या. वय एकोणचाळीस. तिघांना शिक्षा झाली. त्यांपैकी दोघे निर्दोष होते आणि त्यांच्या बाजूचा पुरावा पोलिसांनी व एफ.बी.आय.ने दडवला होता, हे कोर्टाने २०२१ च्या नोव्हेंबरात मान्य केले. दोघांपैकी एक तोवर वारला होता. दफनाच्या वेळी मित्रांनी खड्डे खणणाऱ्यांच्या हातातली फावडी घेतली आणि माती स्वतः लोटली.

पुढल्या वर्षी, ऑक्टोबर १९६६ मध्ये, ओकलंडच्या दोन तरुणांनी ब्लॅक पँथर पक्ष काढला. त्यांच्यावर माल्कम यांचा फार प्रभाव होता. त्या पक्षाचे नाव घेऊन १९७२ साली मुंबईत राजा ढाले, नामदेव ढसाळ, ज. वि. पवार आदींनी दलित पँथर उभी केली. म्हणजे आपल्या थोरल्या भावांनी भिंतींवर रंगवलेल्या त्या नावात या माणसाचाही वाटा आहे.

आत्मचरित्राची एक जुनी इंग्रजी प्रत आम्ही विहाराच्या वाचनालयाला दिली आहे. पोरांना इंग्रजी अवघड जाईल. रविवारी वंदना झाल्यावर आम्ही तिथेच असतो, शब्दकोशही कपाटात आहे.