लेण्याद्रीच्या पायऱ्या सहज चढता येतात, मग कोलेस्टेरॉल तपासायचं कशाला?

जुन्नरजवळच्या लेण्याद्रीला गिरिजात्मजाच्या दर्शनासाठी सुमारे 300 पायऱ्या चढाव्या लागतात. अष्टविनायकांपैकी डोंगरावर, लेण्यात असलेला हा एकमेव गणपती. वर पोहोचेपर्यंत दम लागला नाही की 'आपलं हार्ट एकदम फिट' असं म्हणून अनेकजण मोकळे होतात.

कोलेस्टेरॉलच्या बाबतीत मात्र ही परीक्षा कामाची नाही. वाढलेलं कोलेस्टेरॉल दुखत नाही, त्याने दमही लागत नाही. ते वर्षानुवर्षं रक्तवाहिन्यांच्या भिंतींमध्ये साठत राहतं आणि काहींच्या बाबतीत पहिलं लक्षण थेट हार्ट अटॅकच असतं. अंगाने बारीक असलेल्यांनाही यातून सूट नाही.

कोलेस्टेरॉल नेमकं काय करतं?

पेशींची आवरणं, काही हार्मोन्स आणि व्हिटॅमिन डी तयार करायला शरीराला कोलेस्टेरॉल लागतं. त्यातलं बहुतेक आपलं यकृतच बनवतं. ते रक्तात एकटं फिरू शकत नाही, त्याला गाडी लागते. एलडीएल ही माल पेशींपर्यंत पोहोचवणारी गाडी. नारायणगावच्या बाजारातून गरजेपेक्षा जास्त टोमॅटोच्या गाड्या सुटल्या तर माल रस्त्यातच पडून राहील, तसंच इथे होतं. एचडीएल जादा माल उचलून यकृताकडे परत नेतं.

पेशी एलडीएल कसं उचलतात, हे मायकल ब्राऊन आणि जोसेफ गोल्डस्टीन यांनी शोधलं. त्यासाठी त्यांना 1985 मध्ये नोबेल मिळालं. काही घराण्यांमध्ये ही उचलण्याची यंत्रणा जन्मतःच कमकुवत असते. तिथे पथ्य कितीही पाळलं तरी एलडीएल 190 च्या वर जाऊ शकतं. वडिलांना किंवा भावाला कमी वयात अटॅक आला असेल, तर डॉक्टरांना हे आधी सांगायला हवं.

रिपोर्ट कसा वाचायचा?

टोटल कोलेस्टेरॉलचा आकडा पाहून रिपोर्ट बाजूला ठेवू नका. कार्डिऑलॉजिकल सोसायटी ऑफ इंडियाच्या 2024 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार सर्वसाधारण व्यक्तीचं एलडीएल 100 मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरपेक्षा कमी असावं. जास्त धोका असलेल्यांमध्ये 70 पेक्षा आणि अटॅक येऊन गेलेल्यांसारख्या अतिजोखमीच्या रुग्णांमध्ये 55 पेक्षा कमी. म्हणजे शेजाऱ्याचा 'नॉर्मल' आकडा तुमच्यासाठी नॉर्मल असेलच असं नाही. पहिली तपासणी वयाच्या 18 व्या वर्षीच करावी आणि त्यासाठी सहसा उपाशीपोटी जाण्याची गरज नाही, असंही या सूचना सांगतात.

आपल्याकडचा प्रश्न फक्त एलडीएलचा नाही. महाराष्ट्राचा समावेश असलेल्या आयसीएमआरच्या 2014 मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत 72.3 टक्के लोकांचं एचडीएल कमी आढळलं होतं, तर 29.5 टक्के लोकांचे ट्रायग्लिसराइड्स वाढलेले होते.

मग मासवडी सोडायची का?

नाही. जुन्नर-आंबेगावची मासवडी बेसन, तीळ आणि सुक्या खोबऱ्याची. तिच्यात कोलेस्टेरॉल नसतंच, कारण ते फक्त प्राणिजन्य पदार्थांत असतं. शेंगदाणा तेलाच्या डब्यावर 'कोलेस्टेरॉल फ्री' लिहिलेलं असतं, त्याला म्हणूनच काही अर्थ नाही. एलडीएल वाढवण्यात मोठा वाटा सॅच्युरेटेड फॅटचा: तूप, लोणी, पामतेल, आणि हो, खोबरंसुद्धा. त्यामुळे मासवडी खा, रोज नको. वनस्पती तूप आणि पुन्हा पुन्हा तापवलेलं तळणीचं तेल मात्र टाळलेलंच बरं. कडधान्यं, भाज्या आणि ओट्समधला विरघळणारा तंतू एलडीएल थोडं खाली आणतो.

उपवासाचं गणित वेगळं. साबुदाणा, बटाटा, गोड पदार्थ यांनी एलडीएलपेक्षा ट्रायग्लिसराइड्स वाढण्याचा धोका जास्त. दारूनेही ते वाढतात. रोजच्या चालण्याने ते कमी होतात, पण एलडीएलमध्ये फारसा फरक पडत नाही.

गोळी सुरू झाली की आयुष्यभर?

बऱ्याचदा, हो. स्टॅटिन यकृतातली कोलेस्टेरॉलची निर्मिती कमी करतं. रिपोर्ट चांगला आला म्हणून गोळी बंद केली, तर काही आठवड्यांत आकडा पुन्हा वर जातो. स्नायू दुखू लागले तर गोळी परस्पर सोडण्याऐवजी डॉक्टरांना विचारा. डोस किंवा औषध बदलता येतं.

आणि पायऱ्या चढताना छातीत दाब, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, घाम असं काही झालं, तर तिथेच बसा आणि 108 ला फोन करा. उरलेल्या पायऱ्या पुढच्या वेळी.